नळी वाकडी की माशी वाकडी?

सध्या आमच्याकडच्या पोरांच्या मोबाईलवर एका ठरावीक प्रकारचे व्हिडिओ फिरताहेत. अमेरिकेतला एखादा इसम स्वतःच्या गॅरेजमध्ये उभा असतो. समोर शिकंजात धरलेली सेमी-ऑटोमॅटिक रायफल, आणि तो तिची तिरकी बसलेली नळी 'घरच्या घरी' नीट करतो. खाली आपल्याच पोरांच्या कमेंट : 'आपला वेल्डिंगवाला पण करेल हे काम.' गंमत म्हणून लिहितात, हे कळतं मला. पण कोर्ट-पोलीस स्टेशनच्या बातम्या करण्यात वीसेक वर्षं गेली आहेत, त्यामुळे हसू आलं नाही. म्हणून थोडा इतिहास लिहितोय. लांब आहे, पण वाचा.

नळी सरळ करणं हे काम आपल्याकडे नवं नाही. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त बंदुकांवर चांगली सविस्तर प्रकरणं आहेत. आधी नळी कशी बनायची? लोखंडाचा पत्रा वळवून दोन कडा जोडायच्या. बार भरपूर भरला की सांध्यावर फुटायची. अकबराच्या कारखान्यात पत्रा कागदाच्या सुरळीसारखा तिरका गुंडाळायला लागले, वेढ्यावर वेढा चढवून भट्टीत एकजीव करायचा. उस्ताद कबीर आणि हुसेन ही त्या कामातल्या वस्तादांची नावं अबुल फजलनं नोंदवली आहेत. (लोहारांची नावं इतिहासात सहसा येत नाहीत. इथे आली आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो.)

आणि आपल्या विषयाची गोष्ट पुढे आहे. तयार नळी चाचणीला जायची. गोळी तिरकी गेली तर नळी पुन्हा तापवायची, आत लाकडी दांडा घालून सरळ करायची आणि मग बादशहाच्या समोर कानस मारणाऱ्या कारागिराकडे द्यायची. समोर, हे लक्षात घ्या. वाकडी नळी सरळ करणं हे इतकं जोखमीचं काम मानलं जायचं. प्रत्येक बंदुकीवर कच्च्या लोखंडाचं वजन, तयार नळीचं वजन, लोखंड कुठलं, कारागीर कोण, जागा आणि साल कोरलेलं असायचं. आज आपण परवान्यावर बंदुकीचा नंबर लिहितो, त्याची ही पणजीच म्हणा. घासकामासाठी एक चाक होतं. बैल जुंपून ते फिरवलं की 16 नळ्या एका वेळी साफ व्हायच्या. अकबराची लाडकी बंदूक 'संग्राम'. चित्तोडच्या वेढ्यात जयमलवर चालवली ती हीच.

म्हणजे सोळाव्या शतकातच हे काम लोहाराच्या अंगणातून उचलून सरकारी कारखान्यात गेलं होतं. पण पूर्ण नाही. गावोगावचे कारागीर होतेच. पुढे मीर कासीमनं बंगालची राजधानी मुर्शिदाबादहून मुंगेरला हलवली आणि तिथे बंदुकांचा कारखाना घातला. तिथल्या बंदुका कंपनीच्या बंदुकांपेक्षा सरस होत्या, असं त्या काळातल्या लिखाणात आहे. 1764 ला बक्सरला मीर कासीम हरला. नवाब गेला, कारागीर तिथेच राहिले. आज मुंगेरचं नाव कशासाठी पेपरात येतं, ते वेगळं सांगायला नको. आपल्या महादजी शिंद्यांनीही डी बॉइनच्या पलटणींसाठी आग्र्याला तोफा-बंदुकांचे कारखाने चालवले होते. सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस ते बघायचा. 1803 मध्ये तेही संपलं.

तिकडे इंग्लंड-अमेरिकेत मोठमोठे कारखाने उभे राहिले, तरी नळी सरळ आहे की नाही हे ठरवायचा माणसाचा डोळाच. आधी बारीक दोरा धनुष्यासारखा ताणून नळीतून ओवायचे आणि दोरा कुठे टेकतो, कुठे सुटतो ते बघायचे. मग एक भारी युक्ती आली. नळी खिडकीच्या दिशेला धरायची आणि आतल्या चकचकीत पृष्ठभागावर खिडकीच्या गजाची सावली कशी पडते ते पाहायचं. सावलीची रेघ सरळ, तर नळी सरळ. रेघ मोडली की त्या जागी हलका ठोका. हे काम करणारा कारागीर कारखान्यात मानाचा असायचा, कारण बाकी सगळं यंत्रावर गेलं तरी हे बराच काळ गेलं नाही.

इकडे मात्र 1878 साल उजाडलं. लॉर्ड लिटन. त्याच वर्षी त्यानं दोन कायदे केले : देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांच्या मुसक्या बांधणारा एक, आणि दुसरा शस्त्रास्त्र कायदा. पत्रकार म्हणून मला ही जोडी विसरता येत नाही. लेखणी आणि बंदूक, दोन्हींची भीती एकाच माणसाला, एकाच वर्षी. पहिला कायदा रिपननं रद्द केला. दुसरा राहिला. बंदूक बाळगायला परवाना आणि बनवायलाही परवाना. पिढ्यान् पिढ्या हे काम करणारे एका सहीसरशी गुन्हेगार ठरले.

आमच्या खानदेशाला हे दूरचं नाही. चोपडा तालुक्याची हद्द ओलांडली की मध्य प्रदेशातलं उमर्टी. गावठी कट्ट्याची बातमी आली की हे नाव आलंच. तिथले शिकलगार म्हणजे मुळात पात्यांना धार आणि झिलई देणारे लोक. बातमीत कट्टा विकत घेणाऱ्याचं नाव शेवटच्या ओळीत आणि बनवणाऱ्याची जमात मथळ्यात, हा आमच्या धंद्याचा दोष आहे, आणि त्याची मला चीड येते. कट्टा वाईटच. पण त्या हातांना दुसरं काम कोणी दिलं, हेही विचारायला हवं ना?

आता रायफलीकडे येऊ. 1962 ला चीनसमोर आपले जवान .303 घेऊन उभे होते. प्रत्येक गोळीनंतर खटका ओढायचा, मग पुढची गोळी. त्यानंतर आली एसएलआर, सेल्फ लोडिंग रायफल. मूळ बनावट बेल्जियमच्या एफएएलची. भारतीय रूप देण्याचं काम झालं आपल्या पुण्यात, संरक्षण खात्याच्या एआरडीई या संस्थेत, आणि उत्पादन बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत. पोलिसांच्या खांद्यावर ही तुम्ही नक्की पाहिली असेल.

या जातीच्या रायफलीत नळी एकटी नसते. गोळी सुटली की तिच्यामागचा थोडा वायू नळीच्या छिद्रातून वर जातो, दट्ट्याला ढकलतो, दट्ट्या आतला खटका मागे नेतो, रिकामं काडतूस बाहेर आणि नवं आत. पुढची माशीही त्याच नळीवर. नळी साच्यात आट्यांनी घट्ट बसवलेली असते. ती एक कणभर कमी-जास्त फिरली तर माशी कलते आणि दट्ट्याची वाटही. म्हणून कारखान्यात हे काम मापकांवर होतं, आणि नंतर जादा दाबाचं काडतूस झाडून नळी पारखतात. अकबराच्या चाचणीचीच ही पुढची आवृत्ती. आणि बहुतेक वेळा नळी वाकडी नसतेच, माशी तिरकी असते. फौजेत शिपाई नळीला हातही लावत नाही, माशी सरकवून नेम जुळवतो. त्यापलीकडचं काम आर्मररचं.

तो अमेरिकेतला गॅरेजवाला त्याच्या कायद्यात बसत असेल. आपल्याकडे 1959 च्या शस्त्रास्त्र कायद्याचं कलम 5 वाचा. परवान्याशिवाय बंदूक बनवणंच नाही, तर तिच्यात बदल करणं, दुरुस्त करणं, चाचणी घेणं, सगळं त्यात येतं. तुमच्याकडे शेतीच्या राखणीसाठी रीतसर परवान्याची बंदूक असेल, तरी तो परवाना बाळगण्याचा आहे, दुरुस्तीचा नाही. ज्या वेल्डिंगवाल्याचं तुम्ही कमेंटमध्ये नाव घेता, तो तुमच्याबरोबर आत जाईल. 2019 च्या दुरुस्तीनं बेकायदा बनवण्या-दुरुस्तीची शिक्षा किमान सात वर्षं ते जन्मठेप अशी झाली आणि एका माणसाकडच्या परवानाधारक बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. सेमी-ऑटोमॅटिक रायफलीचा तर आपल्यासारख्यांना साधा परवानाच मिळत नाही.

जिल्ह्याच्या गावी परवानाधारक दुरुस्तीवाले असतात, तिथे जा. पावती घ्या, नंबर नीट लिहिला आहे का बघा. आणि निवडणुकीत बंदूक ठाण्यात जमा केली असेल तर परत घेताना हवालदारासमोरच नळी नीट तपासून घ्या. ओलीत पडून गंज चढल्याची तक्रार घरी आल्यावर कुणी ऐकत नाही.