फळ्याशेजारचा पडदा : केरळच्या ‘काईट’ची वाटचाल

भारतातील सरकारी शाळांमध्ये संगणक आला तो १९८४-८५ साली. केंद्र सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून निवडक शाळांना ब्रिटिश बनावटीची ‘बीबीसी मायक्रो’ यंत्रे मिळाली. पण गणिताचा तास, विज्ञानाचा तास आणि संगणकाची खोली यांचा एकमेकांशी फारसा संबंध जुळला नाही. वर्गात रोज उभा राहणारा शिक्षक या साऱ्या व्यवहारात बाजूलाच राहिला, आणि यंत्रे जुनी होताच प्रकल्पही मागे पडला. त्यानंतर अनेक राज्यांनी शाळांना संगणक दिले. शिक्षकाला मध्यभागी ठेवून ही घडी नव्याने बसवण्याचे काम सर्वांत चिकाटीने केले ते केरळने. ‘केरळ इन्फ्रास्ट्रक्चर अँड टेक्नॉलॉजी फॉर एज्युकेशन’, म्हणजेच ‘काईट’, ही त्या कामातून उभी राहिलेली संस्था होय.

या संस्थेचे मूळ २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पात आहे. शालेय शिक्षणात माहिती तंत्रज्ञान कसे आणावे याचा विचार करण्यासाठी केरळ सरकारने इस्रोचे माजी अध्यक्ष प्रा. यू. आर. राव यांच्या अध्यक्षतेखाली कृतिगट नेमला होता. त्याच्या शिफारशींवर हा प्रकल्प बेतला गेला आणि सामान्य शिक्षण विभागाकडे सोपवला गेला. महाराष्ट्रातही एमकेसीएलची स्थापना त्याच वर्षीची. पुढे एमएस-सीआयटीच्या वर्गांतून लक्षावधी मराठी माणसांनी संगणकाचे पहिले धडे घेतले. केरळचा भर मात्र सुरुवातीपासून शाळेवर आणि शाळेतल्या शिक्षकावर राहिला. १९९१ मध्ये संपूर्ण साक्षर राज्य म्हणून घोषित झालेल्या केरळमध्ये सरकारी आणि अनुदानित शाळांचे जाळे गावोगाव पोहोचलेले होते. जागरूक शिक्षक संघटना आणि वाचनालयांची जुनी परंपरा हीदेखील या भूमीची जमेची बाजू होती.

प्रकल्पाचा पहिला मोठा निर्णय मनुष्यबळाचा होता. शिकवण्यासाठी बाहेरून संगणकतज्ज्ञ आणावेत, की शाळेतल्याच शिक्षकांना तयार करावे? दुसरा मार्ग निवडला गेला. गणित, भौतिकशास्त्र, भाषा, समाजशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांतून प्रतिनियुक्तीवर ‘मास्टर ट्रेनर’ घेतले गेले. प्रत्येक माध्यमिक शाळेत एका शिक्षकावर ‘स्कूल आयटी को-ऑर्डिनेटर’ म्हणून जबाबदारी आली. ही व्यक्ती आपले नेहमीचे तास घेई, संगणक कक्ष सांभाळी आणि सहकाऱ्यांना शिकवी. मास्टर ट्रेनरला वर्गाची गर्दी, वेळापत्रकाची ओढाताण आणि परीक्षेचा ताण ठाऊक होता. त्यामुळे त्याचे म्हणणे शिक्षकांना आपलेसे वाटले. पुढच्या सगळ्या यशाचे बीज या एका निर्णयात आहे.

वाट मात्र सोपी नव्हती. शाळा अनेक, यंत्रे मोजकी, वीज बेभरवशाची. निवृत्तीकडे झुकलेल्या कित्येक शिक्षकांनी तोवर संगणकाच्या कळफलकाला हातही लावलेला नव्हता. प्रशिक्षण उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे एप्रिल-मेच्या उकाड्यात चाले. शिकवण्याचा वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाने विद्यार्थी होऊन बाकावर बसायचे, माउस धरायला शिकायचे आणि जूनमध्ये तेच मुलांसमोर आत्मविश्वासाने करून दाखवायचे. याला लागणारे धैर्य कोणत्याही अहवालात नोंदले जात नाही, म्हणून ते येथे आवर्जून नोंदवायला हवे.

याच काळात एक मूलभूत वाद उभा राहिला. सुरुवातीची पाठ्यपुस्तके एका परदेशी कंपनीच्या मालकीच्या प्रणालीवर बेतलेली होती. केरळ स्कूल टीचर्स असोसिएशनने आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी त्याला हरकत घेतली. सरकारी शाळेतील मुलाने एका कंपनीचे उत्पादन वापरायला शिकावे, की संगणक शिकावा, हा त्यांचा प्रश्न होता. परवान्यांच्या खर्चाचा मुद्दाही होताच, पण तो दुय्यम. जे सॉफ्टवेअर उघडून पाहता येते, बदलता येते, आपल्या भाषेत आणता येते आणि मुलाच्या घरी विनामूल्य देता येते, तेच शाळेला शोभते, ही भूमिका हळूहळू मान्य होत गेली. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या भारतीय शाखेचे उद्घाटन २००१ च्या जुलैमध्ये तिरुवनंतपुरम येथेच झाले होते, त्यामुळे या विचाराला स्थानिक आधारही होता. शाळांसाठी ग्नू/लिनक्सची खास आवृत्ती तयार झाली आणि तिच्यावर शिक्षकांचे प्रशिक्षण नव्याने सुरू झाले. एकदा शिकलेले बाजूला ठेवून पुन्हा पहिल्यापासून शिकणे अनेकांना जड गेले. तरीही २००८ पर्यंत दहावीची माहिती तंत्रज्ञानाची परीक्षा संपूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअरवर होऊ लागली. दरवर्षी चार लाखांहून अधिक मुले ती देत. शालेय शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअरचा एवढा मोठा आणि एवढा टिकाऊ वापर जगात क्वचितच कुठे झाला असेल.

भाषेच्या बाबतीत या निर्णयाचे फळ लवकर दिसले. स्वतंत्र मलयाळम कॉम्प्युटिंग या स्वयंसेवी गटाने मलयाळम लिपीसाठी युनिकोड फॉन्ट आणि टंकलेखनाची साधने घडवली होती. ती थेट शाळांच्या प्रणालीत आली. मुले आपल्या भाषेत टंकू लागली, शिक्षक प्रश्नपत्रिका आणि पाठ टाचण मलयाळममध्ये तयार करू लागले. पुढे ‘स्कूलविकी’ या ज्ञानकोशाने राज्यातील शाळांचा इतिहास त्याच शाळांतील शिक्षक-विद्यार्थ्यांच्या हातून लिहून घेतला. राज्यस्तरीय शालेय कला महोत्सवात मुलांनी लिहिलेल्या कथा-कविताही त्यात जतन होतात. मराठी शाळांनी ही गोष्ट मुद्दाम जाऊन पाहावी अशी आहे.

दरम्यान आकाशमार्गही खुला झाला होता. २० सप्टेंबर २००४ रोजी इस्रोने केवळ शिक्षणासाठी वाहिलेला ‘एज्युसॅट’ उपग्रह श्रीहरिकोटा येथून सोडला. त्याच्या आधारे उभारलेल्या ‘व्हिक्टर्स’ या दूरवर्ग-जाळ्याचे उद्घाटन २८ जुलै २००५ रोजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते तिरुवनंतपुरममध्ये झाले. आरंभी दुतर्फा संवादाच्या केंद्रांतून शिक्षकांचे प्रशिक्षण होई. २००६ पासून व्हिक्टर्स ही शैक्षणिक वाहिनी म्हणून घरोघरी दिसू लागली. तेव्हा तिला फार मोठा प्रेक्षकवर्ग होता असे म्हणता येणार नाही. पण वाहिनी चालवण्याचे, पाठ चित्रित करण्याचे, संकलनाचे आणि कॅमेऱ्यासमोर शिकवण्याचे कौशल्य संस्थेत मुरत गेले. पंधरा वर्षांनी त्याचा किती उपयोग होणार आहे, याची तेव्हा कोणालाच कल्पना नव्हती.

प्रत्यक्ष वर्गात काय बदलले? भूमितीच्या तासाचे उदाहरण घेण्यासारखे आहे. एकाच कंसात आंतरलिखित झालेले सर्व कोन एकरूप असतात, हे प्रमेय फळ्यावर एका आकृतीने सिद्ध करता येते. मूल ते पाठही करते. जिओजेब्रा या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये शिक्षक वर्तुळावरचा बिंदू धरून त्याच कंसावर सरकवतो आणि कोनाचे माप तसूभरही हलत नाही. बिंदू जीवेच्या पलीकडच्या कंसावर गेला की माप एकदम बदलते. वर्गातून ‘असे का?’ हा प्रश्न आपोआप येतो, आणि मग फळ्यावरची सिद्धता त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून उभी राहते. फळा नाहीसा झाला नाही, पडदा त्याच्या शेजारी आला. भौतिकशास्त्रात दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्ये विकसित झालेले ‘एक्सपाइज’ हे छोटे उपकरण उपयोगी पडले. तारेच्या गुंडाळीतून चुंबक खाली सोडला की प्रेरित विद्युतदाबाचा आलेख क्षणात पडद्यावर उमटतो. महागड्या ऑसिलोस्कोपविना हे दाखवता येऊ लागले. रसायनासाठी ‘कॅल्झियम’, भूगोलासाठी ‘मार्बल’, आकाशदर्शनासाठी ‘स्टेलेरियम’ अशी साधने त्या त्या विषयाच्या शिक्षकांनी आपल्या अभ्यासक्रमाशी जोडली.

सर्वच वर्ग असे रंगले असे नाही. कुठे पडद्यावर केवळ पाठ्यपुस्तकाचीच पाने झळकली, कुठे चित्रफीत लावून तास भागवला गेला. संस्थेने यावर एकच उपाय पुनःपुन्हा केला, तो म्हणजे आणखी प्रशिक्षण आणि तेही विषयवार. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला भौतिकशास्त्राच्याच शिक्षकाने शिकवायचे, हा शिरस्ता मोडू दिला नाही. के. अन्वर सादत यांचे दीर्घकाळचे नेतृत्व आणि चौदाही जिल्ह्यांतील कार्यालये यांमुळे सरकारे बदलली तरी कामाचा धागा तुटला नाही.

२०१७ हे वळणाचे वर्ष ठरले. सार्वजनिक शाळांच्या पुनरुत्थानाची राज्यव्यापी मोहीम त्या वर्षी जानेवारीत सुरू झाली होती. ऑगस्टमध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पाचे रूपांतर ‘काईट’ या ना-नफा सरकारी कंपनीत झाले. प्रकल्पाला मुदत असते, संस्थेला पुढची आखणी करता येते. हा फरक लगेच दिसला. ‘किफबी’ या राज्याच्या पायाभूत निधी मंडळाच्या पैशातून २०१८ च्या जानेवारीत ‘हायटेक शाळा’ योजना सुरू झाली. आठवी ते बारावीच्या ४,७५२ शाळांतील ४५,००० वर्गांत लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि ध्वनियंत्रणा बसवायची होती. प्राथमिक शाळांसाठी वेगळी योजना पाठोपाठ आली.

येथे घातलेली एक अट महत्त्वाची आहे. वर्गाला नीट फरशी, सुरक्षित वीजजोडणी आणि कुलूप लागेल असे दार असल्याशिवाय साहित्य मिळणार नव्हते. हे काम शाळेने करायचे होते. पालक-शिक्षक संघ पुढे आले, माजी विद्यार्थी आले, ग्रामपंचायतींनी तरतुदी केल्या, आमदारांनी आपला निधी दिला. ज्या वर्गाची फरशी गावाने बसवली, त्या वर्गातील प्रोजेक्टरची काळजीही गावानेच घेतली. पुरवठादारांशी केलेल्या करारांत पाच वर्षांची हमी होती, आणि बिघाड वेळेत दुरुस्त न झाल्यास दंडही होता. बंद पडलेली यंत्रे कोपऱ्यात धूळ खात पडण्याची जुनी व्यथा ज्यांना माहीत आहे, त्यांना या कलमांचे मोल सांगायला नको.

याच योजनेच्या पहिल्या वर्षी, ऑगस्ट २०१८ मध्ये, केरळवर शतकातील मोठा महापूर कोसळला. शेकडो शाळांची मदत छावणी झाली आणि वर्ग बंद राहिले. काम लांबले, पण थांबले नाही.

२०१८ च्या त्याच जानेवारीत विद्यार्थ्यांसाठी ‘लिटल काईट्स’ ही मंडळे सुरू झाली होती. आठवीतील मुलांना अभिरुची चाचणीतून निवडायचे आणि ॲनिमेशन, प्रोग्रामिंग, हार्डवेअर, मलयाळम संगणन शिकवायचे, अशी ही रचना होती. दोन हजारांहून अधिक शाळांत ती पसरली आणि तिची सदस्यसंख्या एक लाखापुढे गेली. मंडळाची जबाबदारी शाळेतील दोन शिक्षकांकडे असते. वर्गातला प्रोजेक्टर लागत नसेल तर धावून येणारी ही मुले शिक्षकांचा मोठा आधार ठरली. गावातील मातांना इंटरनेटवरील फसवणुकीपासून सावध राहण्याचे धडेही त्यांनी दिले.

मग २०२० आले. शाळा बंद झाल्या आणि १ जून रोजी, नेहमीच्या दिवशीच, काईट-व्हिक्टर्स वाहिनीवर ‘फर्स्ट बेल’ या नावाने वर्ग भरले. पहिलीच्या मुलांना दोन मांजरांची गोष्ट सांगणारी कोळिकोड जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षिका एका दिवसात घराघरांत पोहोचली. शिकवणारे बहुतेक जण सरकारी आणि अनुदानित शाळांतील शिक्षकच होते.

त्याच दिवसाला एक काळी किनार आहे. मलप्पुरम जिल्ह्यातील एका मजूर कुटुंबातील विद्यार्थिनीचा मृत्यू झाला. घरी वर्ग पाहण्याचे साधन नव्हते. राज्य हादरले. आधी चाचणी म्हणून सुरू केलेले पाठ पुन्हा प्रक्षेपित करण्यात आले आणि प्रत्येक शाळेतील शिक्षकांनी आपल्या वर्गातील कोणाकडे टीव्ही किंवा फोन नाही याचा शोध घेतला. वाचनालये, अंगणवाड्या, समाजमंदिरे यांत पाठ पाहण्याची सोय झाली. सहकारी संस्था, शिक्षक संघटना आणि सामान्य नागरिकांनी टीव्ही संच दिले. आदिवासी पाड्यांवर शिक्षक स्वतः गेले. ज्या संस्थेने पंधरा वर्षे वाहिनी जोपासली, तिलाही शेवटच्या घरापर्यंत पोहोचायला एवढ्या साऱ्या हातांची गरज लागली, हे तिने कधी लपवले नाही.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी मुख्यमंत्री पिनराई विजयन यांनी सर्व सार्वजनिक शाळांत हायटेक वर्ग असलेले देशातील पहिले राज्य म्हणून केरळची घोषणा केली. तोपर्यंत १६,०२७ शाळांत मिळून पावणेचार लाखांच्या आसपास उपकरणे पोहोचली होती. शिक्षकांसाठीचे ‘समग्र’ हे संकेतस्थळ पाठ, चित्रफिती आणि प्रश्नसंचांनी भरत गेले. त्यातील साहित्य बहुतांशी शिक्षकांनीच तयार केलेले आहे.

२०२२ च्या डिसेंबरपासून शाळांना रोबोटिक संच मिळू लागले. २०२४ च्या मे महिन्यात, पुन्हा उन्हाळ्याच्या सुट्टीतच, ८०,००० माध्यमिक शिक्षकांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे तीन दिवसांचे प्रशिक्षण सुरू झाले. मजकुराचा सारांश काढणे, चित्रे घडवणे, प्रश्नपत्रिका तयार करणे यांबरोबरच खोट्या चित्रफिती ओळखणे आणि मुलांची खासगी माहिती जपणे हेही त्यात होते. त्याच वर्षीपासून सातवीच्या पाठ्यपुस्तकात कृत्रिम बुद्धिमत्तेचा पाठ आला. शाळांची संगणक प्रणाली उबुंटू २२.०४ वर आधारित नव्या आवृत्तीत गेली, आणि २०२५-२६ पासून दहावीच्या सर्व विद्यार्थ्यांसाठी रोबोटिक्स अभ्यासक्रमात घेण्यात आले. या साऱ्या प्रशिक्षणांची धुरा आजही मास्टर ट्रेनरांकडेच आहे. ते शाळांतूनच प्रतिनियुक्तीवर येतात आणि मुदत संपली की आपल्या शाळेत, आपल्या विषयाच्या तासाला परत जातात.