कागदी बाहुल्या आणि परवान्याचा कागद

तेल अवीव शहराला लागून असलेले ब्नेई ब्राक हे गाव कर्मठ ज्यू लोकांच्या वस्तीविषयी प्रसिद्ध आहे. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथील काही घरांतून वयोवृद्ध, धर्मनिष्ठ पुरुषांना स्नान घालणे, भरविणे, हात धरून चालविणे ही कामे फिलिपाईन्सहून आलेली अशी माणसे करीत की, जी पासपोर्टावर पुरुष होती. परंतु मनाने आणि वागण्याने स्त्रिया होती. परस्त्रीचा स्पर्श निषिद्ध मानणाऱ्या त्या घरांना पुरुष शुश्रूषकच हवे असत. सुटीच्या रात्री हीच माणसे तेल अवीवला जात, रंगभूषा करीत आणि ध्वनिमुद्रित गीतांवर नृत्याभिनय करीत. त्यांच्या मेळ्याचे नाव होते ‘पेपर डॉल्स’, म्हणजे कागदी बाहुल्या. तोमेर हेमन या इस्रायली दिग्दर्शकाने त्यांच्यावर काढलेल्या अनुबोधपटास २००६ साली बर्लिनच्या महोत्सवात प्रेक्षकांचे पारितोषिक मिळाले आणि २०१३ साली लंडनच्या ट्रायसिकल थिएटरमध्ये त्यावर आधारलेले संगीत नाटकही झाले. तथापि करमणुकीचा एक मेळा एवढेच म्हणून ही हकीकत बाजूस ठेवता येणार नाही. तिच्या पाठीशी दोन राष्ट्रांच्या कायद्यांचा इतिहास उभा आहे.

ही माणसे तेथे आली कशी? फिलिपाईन्समध्ये मार्कोस यांच्या राजवटीत १९७४ साली जी कामगार संहिता झाली, तिने परदेशी मजूर पाठविणे हे शासनाचे धोरणच करून टाकले. पुढे १९८८ साली राष्ट्राध्यक्षा कोराझॉन अकिनो यांनी हाँगकाँगमधील आपल्या मोलकरणींसमोर बोलताना त्यांना नव्या युगाचे वीर म्हणून गौरविले. इकडे इस्रायलमध्ये १९८६ साली संमत होऊन १९८८ पासून अमलात आलेल्या कायद्याने विकलांग वृद्धांना घरी शुश्रूषा मिळण्याचा हक्क दिला. हक्क मिळाला, पण सेवेचे हात घरात पुरेनात. ते परदेशांतून आणावे लागले.

रंगमंच मात्र या मंडळींनी तेल अवीवमध्ये शोधला, असे समजणे चुकीचे होईल. तो त्यांनी मायदेशाहूनच बरोबर आणला होता. पुरुषदेहाने जन्मून स्त्रीभावाने जगणाऱ्यांना तागालोग भाषेत ‘बाक्ला’ म्हणतात. हुआन दे प्लासेन्सिया या फ्रान्सिस्कन पाद्र्याने १५८९ साली तागालोग लोकांच्या पूजाविधींचे जे वर्णन लिहिले, त्यात पुरोहितवर्गाची यादी देताना स्त्रीस्वभावाच्या पुरुषांचा ‘बायोगिन’ या नावाने उल्लेख आहे. स्पॅनिश अमलाखाली जुना पूजाविधी मागे पडला आणि त्याबरोबर हे पौरोहित्यही गेले. माणसे मात्र राहिली. देवस्थानातील त्यांची जागा गेली, तरी गावोगावच्या उत्सवांतील रंगमंचावर आणि सौंदर्यप्रसाधनाच्या दुकानांत त्यांनी आपली जागा करून घेतली. एकेकाळी धर्मकार्यात ज्यांना स्थान होते, त्यांचेच हे दूरचे वारस परक्या धर्माच्या वृद्धांची सेवा करू लागले, हा इतिहासाचा योगायोग विचार करण्यासारखा आहे.

परंतु परदेशी रंगमंचही नेहमीच सन्मान देतो असे नाही. तेल अवीवच्या एका मोठ्या नृत्यगृहात या मंडळींना बोलावणे आले, तेव्हा त्यांना जपानी गेशांचा वेष देण्यात आला. फिलिपाईन्स कोठे आणि जपान कोठे! त्या नृत्यगृहाच्या लेखी पूर्वेकडचा प्रत्येक चेहरा एकच होता. आपल्या लोकांपुढे नाचताना जी कला त्यांची ओळख सांगे, तीच तेथे ओळख पुसण्याचे साधन झाली. त्यांच्या डोळ्यांतील अपमान चित्रपटात स्पष्ट दिसतो.

याहून मोठे संकट परवान्याचे होते. परदेशी कामगाराच्या परवान्यावर एकाच मालकाचे नाव असे. मालकाने काढून टाकले, अथवा तो मरण पावला, तर नोकरीबरोबर त्या देशात राहण्याचा अधिकारही जाई. कंठाच्या विकाराने वाणी गमावलेला एक वृद्ध आणि त्याची शुश्रूषा करणारी एक बाक्ला यांचे पितापुत्रीसारखे नाते या चित्रपटात आहे. वृद्धाच्या निधनानंतर तिला इस्रायल सोडावे लागले. सेवा जितकी मनापासून, तितका वियोग मोठा. आणि वर शोक करण्यासही कायद्याने अवधी ठेवलेला नव्हता!

३० मार्च २००६ रोजी इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘काव लाओवेद’ या संस्थेच्या अर्जावर निर्णय देऊन ही बंधनाची पद्धत अवैध ठरविली. न्यायमूर्ती एडमंड लेव्ही यांनी तिला आधुनिक काळातील गुलामगिरीचेच एक रूप म्हटले. दुर्दैवाने २०११ साली तेथील संसदेने कायदा दुरुस्त करून, शुश्रूषकांच्या नोकरी बदलण्यावर पुन्हा मर्यादा घालण्याचा अधिकार शासनास दिला. मायदेशी तरी काय होते? २२ ऑक्टोबर २००७ रोजी मनिलाच्या सर्वोच्च न्यायालयाने, शस्त्रक्रिया करून घेतलेल्या व्यक्तीलाही जन्मनोंदीतील नाव व लिंग बदलून देण्यास नकार दिला. हे काम विधिमंडळाचे आहे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. म्हणजे परदेशात परवान्यावर दुसऱ्याचे नाव आणि स्वदेशात नोंदवहीत आपले नसलेले नाव!

कायद्याला माणूस कागदावरूनच ओळखावा लागतो, हे वकिली करणाऱ्या कोणासही मान्य करावे लागेल. कागदाविना न्यायदान चालत नाही. परंतु कागद माणसासाठी असतो, माणूस कागदासाठी नव्हे. त्या सुटीच्या रात्री दोन-तीन तास तरी या मंडळींना स्वतःच्या निवडलेल्या नावाने हाक मारली जाई. परक्याच्या वृद्ध पित्याला ज्यांनी आपले म्हणून सांभाळले, त्यांना एवढी हाक दिवसाच्या उजेडातही मिळावी, ही मागणी कोणत्याही धर्माला जड वाटू नये.