चाफ्याची थोरली बहीण आणि दुप्पट फुलाचं औषध



वटारच्या वाडीत पहाटे सोनचाफा खुडायचा आणि दादरचा बाजार गाठायचा, हे तुम्हाला नवं नाही. 'औषध लावलं की फूल दुप्पट होतं' असं कोणी सांगितलं, तर कान टवकारणारच. पण आधी त्या औषधाचा इतिहास ऐका.

औषधाचं नाव कोल्चिसीन. पावसाळ्यात कुंपणावर चढणाऱ्या कळलावीच्या कंदात आणि बियांत ते असतं. पेशीची वाढ होताना तिच्यातली गुणसूत्रे आधी दुप्पट होतात, मग दोन बाजूंना ओढली जाऊन दोन पेशी होतात. कोल्चिसीन हे ओढणारे धागेच बनू देत नाही. मग पेशी एकच राहते आणि गुणसूत्रे दुप्पट! अमेरिकेत ब्लेकस्ली आणि एव्हरी यांनी १९३७ साली धोतऱ्यावर हे दाखवून दिलं.

पुढे हेच काम आपल्या एका बाईंनी चाफ्याच्या कुळात नेलं. केरळात तेलिचेरीला १८९७ साली जन्मलेल्या डॉ. जानकी अम्मल दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात विस्ली येथील बागेत होत्या. तिथे त्यांनी मॅग्नोलियाच्या कोवळ्या रोपांच्या शेंड्यांना कोल्चिसीन लावलं. मॅग्नोलिया म्हणजे आपल्या सोनचाफ्याची जणू थोरली बहीणच. काही झाडांची पानं नि पाकळ्या जाड झाल्या. एका जातीला आज त्यांचंच नाव आहे. १९५१ मध्ये त्या मायदेशी परतल्या. १९७७ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता दुसरी बाजू. अशी झाडं बहुधा सावकाश वाढतात, उशिरा फुलतात, बीही कमी धरतात. कधी एकाच झाडाची एक फांदी बदलते, दुसरी जुनीच राहते. चाफा तर आपण शेकड्यावर विकतो. फूल जाड झालं पण संख्या घटली, तर गाठीला काय उरणार?

म्हणून सांगतो, कळलावी कुटून घरी प्रयोग करू नका. ती जीवघेणी विषारी आहे. हे काम प्रयोगशाळेचं. नवी जात घ्यायची तर मातृवृक्ष फुलात असताना पाहा, फुलं मोजा आणि त्याचंच कलम घ्या. आधी दोन-चार झाडं लावा, मग वाडी भरा.