जुन्या ॲम्बॅसिडरचा सेल्फ: बदलण्याआधी खोलून पाहा

हिंदुस्थान मोटर्सने उत्तरपाड्याच्या कारखान्यात १९५८ ते २०१४ पर्यंत ॲम्बॅसिडर बनवली. त्यातल्या जुन्या १४८९ सीसी पेट्रोल गाड्यांना ल्युकास पद्धतीचा बेंडिक्सवाला स्टार्टर, म्हणजे आपल्याकडचा ‘सेल्फ’, असे. तो रुसला की गाडी धक्क्यावर येते आणि मालक दुसरा सेल्फ शोधायला निघतो. बऱ्याचदा मूळ सेल्फ धडधाकट असतो, नुसता मळलेला!

आधी हेडलाइट लावून सेल्फ मारावा. लाइट मंद झाले आणि मोटर हललीच नाही, तर बॅटरी उतरलीय किंवा पिनियन फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकलाय. त्यासाठी सेल्फ उतरवायची गरज नाही. शाफ्टचं मागचं टोक चौकोनी असतं. टोपी काढून ते पान्ह्याने फिरवलं की पिनियन सुटतो. लाइट तसेच राहून सगळं शांत असेल, तर वायर, स्विच किंवा कार्बन तपासावेत. मोटर गरगरते पण इंजिन फिरत नाही, तेव्हा दोष बहुधा बेंडिक्सचा. त्याला ग्रीस फासणं ही गॅरेजमधली जुनी खोड. ग्रीसवर क्लचची धूळ बसते आणि पिनियन पुढे सरकतच नाही. बेंडिक्स रॉकेलने धुऊन कोरडा करावा.

सेल्फ उतरवण्याआधी बॅटरीची वायर काढावी. आत चार कार्बन असतात, ते खोबणीत सहज सरकायला हवेत. त्यातले दोन फिल्ड कॉइलला जोडलेले असतात. कॉइल ॲल्युमिनियमची असेल तर डाख धरत नाही. म्हणून जुन्या वायरीचा छोटा तुकडा ठेवून नवी वायर त्यावर डाखावी. कम्युटेटर पेट्रोलच्या फडक्याने पुसावा, फार तर बारीक काचपेपर फिरवावा; एमरी नको. डायनॅमोच्या सवयीने पट्ट्यांमधला अभ्रक खरवडणारे बरेच आहेत. ल्युकासच्या या सेल्फमध्ये तो खरवडायचा नसतो.

बुश झिजला की आर्मेचर आतल्या पोलना घासतं आणि सेल्फ जड फिरतो. नवा पितळी बुश बसवण्याआधी चोवीस तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवावा, रीमर मारू नये. त्याची तेल धरणारी छिद्रं बुजतात. वाइंडिंग जळून काळं पडलं असेल तरच रिवाइंडिंगचा खर्च करावा.

जोडणी झाल्यावर सेल्फ शिकंज्यात घट्ट धरूनच बॅटरीवर तपासावा. हातात धरला तर जोराचा हिसका बसतो.