किरायदारांसकट वाडा

सिकंदराबाद ते मनमाड हा निजामाच्या रेल्वेचा मीटरगेज मार्ग १९०० च्या सुमाराला सुरू झाला. पुढे १९१२ साली मराठवाड्यातल्या पूर्णेहून हिंगोलीकडे फाटा निघाला आणि पूर्णेचं जंक्शन झालं. जंक्शन म्हटलं की इंजिनं आली, त्यांच्यामागं ड्रायव्हर, फायरमन, फिटर आणि पाळीची नोकरी आली. कारभार सिकंदराबादचा, म्हणून त्यात तेलुगू बोलणारेही बरेच. रेल्वेची क्वार्टरं सगळ्यांना थोडीच पुरणार! उरलेल्यांनी गावात खोल्या शोधल्या. मालकानं मागच्या सोप्यात राहायचं आणि पुढच्या, बाजूच्या खोल्या किरायानं द्यायच्या, ही रीत मराठवाड्यातल्या अशा गावांत रुजली ती या गरजेतून.

पण नुसत्या पैशासाठी मालक त्याच वाड्यात राहत होता, असं मला वाटत नाही. जुना वाडा माळवदाचा. लाकडी तुळया, त्यांवर किलच्या, त्यांवर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत गारवा. पण मृगाच्या आधी माती टाकून चोपली नाही, पन्हाळी मोकळ्या केल्या नाहीत, तर पहिल्याच मोठ्या पावसात घर गळणार. माळवद सगळ्या वाड्यावर एकच असतं. किरायदाराच्या डोक्यावर गळलेलं पाणी भिंतीतून मालकाच्या कोठीघरात उतरतं. म्हणून राहता मालक दर साली माती टाकायचा. दूर गेलेला मालक किराया घ्यायचा, माती मात्र पुढच्या साली. मराठवाड्यात जे वाडे आधी पडले, त्यांतल्या पुष्कळांचे मालक पुण्या-मुंबईला राहायला गेलेले होते.

मालक वाड्यातून निघून जायला कायद्याचाही हातभार लागला. मुंबईत १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा होता. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात असल्यानं इथं १९५४ चा हैदराबादचा निराळा कायदा आला. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कायदा मात्र हैदराबादचाच चालू राहिला. ३१ मार्च २००० ला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला, तेव्हा कुठं तो संपला. तोवर माती, मजुरी, सागवान सगळं महागत गेलं आणि किराया होता तिथंच खिळला, मग डागडुजी कोण करणार? नव्या कायद्यानं वर्षाला ४ टक्के वाढ दिली. मालकाला स्वतःला राहायला जागा हवी असेल तर ती मागता येते; पण खोली सोडून जाण्यात किरायदाराचे हाल मालकापेक्षा जास्त होणार असतील, तर न्यायालय ती देत नाही. मला हे योग्यच वाटतं, मालकांना वाटत नसलं तरी.

राज्याच्या सीमा बदलल्या, तशी गंमतही झाली. हैदराबाद राज्यात बाहेरून आलेल्याला मुलकी, म्हणजे राज्यातला, ठरायला १५ वर्षांचं वास्तव्य आणि परत न जाण्याचा इरादा दाखवावा लागे. वारंगळ मात्र त्याच राज्यात, म्हणून तिथून आलेला फिटर इथं घरचाच होता. १९५६ नंतर तो जागचा न हलता परराज्यातला झाला. रेल्वे मात्र १९६६ पासून दक्षिण मध्य रेल्वेत, म्हणजे पुन्हा सिकंदराबादेच्याच हाताखाली. त्यामुळं बाहेरच्या राज्यातून बदलीवर येणं, खोली घेणं आणि निवृत्त झाल्यावर इथंच घर बघणं थांबलं नाही.

असं घर बघणाऱ्याला वाडाच किरायदारांसकट विकत घेऊन त्यात राहावंसं वाटलं, तर हा विचार फक्त इथलाच नाही. अमेरिकेत बोस्टनच्या बाजूला तीनमजली लाकडी घरं आहेत, एका मजल्यावर मालक आणि दोन मजले भाड्यानं. तिथं सरकारी हमीचं कर्ज साडेतीन टक्के रक्कम भरून चार बिऱ्हाडांपर्यंतच्या घराला मिळतं. अट अशी की मालकानं निदान वर्षभर तिथं राहायचं. आपल्याकडं अशी अट घालून कुणी कर्ज देत नाही. उलट गहाण ठेवायच्या घरात जुने किरायदार दिसले, की बँकेचा माणूस खुर्चीतच मागं सरकतो.

तरीही कुणी घेतलाच, तर मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्याप्रमाणं जुन्या मालकाचे हक्क आणि जबाबदाऱ्या दोन्ही नव्याकडं येतात. किरायदार कोरा करून मिळत नाही. पुढचा सगळा किराया लेखी आणि नोंदणी करून ठरवावा लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची. आयकर खातं किरायाच्या उत्पन्नातून ३० टक्के सरसकट वजा करू देतं. जुनं माळवद मात्र एखाद्या साली सगळा किराया गिळून बसतं. निजामाच्या वेळचं जुनं खरेदीखत उर्दूत असण्याची शक्यता मोठी, आणि त्यावरची तारीख फसली सनाची. फसली १३४२ दिसलं तर ५९० मिळवायचे, म्हणजे १९३२ च्या आसपासचं साल येतं. हद्दीत ‘उत्तरेस अमुक फायरमनचं घर’ असं लिहिलेलं असलं, तर ते घर आज कुणाचं आहे हे बयाणा देण्याआधी शेजारी जाऊन विचारायचं.