उंदरांचे एकवीस दिवस

मी सांगोल्याहून बोलतोय. घरी पांढरे उंदीर पाळणाऱ्या एका श्रोत्यानं विचारलंय, "मादी गाभण आहे हे ओळखायचं कसं?" उत्तर देतो. पण त्या उत्तराच्या मागं एक इतिहास आहे, आणि तो मुंबईच्या परळमधून जातो.

आमच्या सांगोल्याच्या रविवारच्या जनावरांच्या बाजारात जाणती माणसं गाईची कास बघून, पोटाला हात लावून सांगतात, किती महिन्यांची गाभण आहे ते. गाईला नऊ महिने, शेळीला पाच. अंदाज आठवडाभर चुकला तरी चालून जातं. उंदराला मात्र सगळे मिळून दिवस असतात 21 ते 23. त्यातले पहिले जवळजवळ दोन आठवडे वरून काहीच कळत नाही. चौदाव्या दिवसाच्या सुमाराला पोट दोन्ही बाजूंनी फुगतं, वजन भराभर वाढतं, पोटावरचे केस विरळ होऊन आचळं दिसायला लागतात. शेवटच्या दिवसांत मादी कागदाचे कपटे, चिंध्या ओढून घरटं करते. पिल्लं साधारण आठ ते बारा. आणि एक महत्त्वाचं. नर आधीच वेगळा काढा, कारण व्याल्यावर चोवीस तासांच्या आत मादी पुन्हा गाभण राहू शकते. घरच्या घरी एवढं पुरतं.

प्रयोगशाळेचं एवढ्यावर भागत नाही. तिथं दिवस नेमका लागतो. 1922 साली कॅलिफोर्नियात लाँग आणि इव्हान्स या दोघांनी दाखवून दिलं, की उंदराची मादी दर चार-पाच दिवसांनी माजावर येते, आणि योनीतला स्राव काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की ते कळतं. नरासोबत ठेवल्यावर सकाळी त्या स्रावात शुक्राणू दिसले, की तिथून दिवस मोजायचे. पोट दिसायची वाट बघायची गरज उरली नाही.

आता परळला येऊ. तिथल्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये 1899 पासून प्लेगची प्रयोगशाळा होती. उंदीर म्हणजे प्लेगचा वाहक, शहराचा वैरी. 1925 मध्ये तिचं नाव हाफकिन इन्स्टिट्यूट झालं. तिथं 1928 साली लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर आली. प्रश्न माणसांचा होता. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत होत्या, काही दगावत होत्या. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येनं कमी आणि आकारानं मोठ्या झालेल्या असत. विल्सबाईंनी जंतू शोधले, मग ताटात डोकावल्या. दूध, फळं, भाज्या नावापुरत्या.

1929 च्या उन्हाळ्यात त्या काम घेऊन कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत गेल्या. तिथं मॅकॅरिसन उंदरांवर आहाराचे प्रयोग करत होते. हिंदुस्थानातल्या निरनिराळ्या लोकांचं जेवण त्यांनी उंदरांना घालून पाहिलं होतं. त्यात शीख होते, पठाण होते, आणि मराठेही होते.

विल्सबाईंनी मुंबईच्या या बायकांसारखाच आहार पांढऱ्या उंदरांना दिला. गाभण माद्यांना रक्तक्षय झाला, पिल्लं व्हायच्या आधीच त्या मेल्या. आहारात यीस्ट मिसळलं, तर रक्तक्षय टळत होता. सगळं जुळलं असं वाटलं. पण नंतर कळलं, की उंदरांच्या अंगावर उवा होत्या आणि त्या उवांमधून पसरणारा संसर्गही रक्तक्षय घडवतो. म्हणजे पुरावा डागाळला. मग तेच काम माकडांवर पुन्हा केलं गेलं. मंडळी, पिंजऱ्याची स्वच्छता ही किती मोठी गोष्ट असते, बघा. एक ऊ वर्षांची मेहनत संशयात टाकते.

बायकांवरचा उपचार मात्र खरा ठरला. यीस्टपासून बनणारा मार्माइट नावाचा काळपट, खारट अर्क त्यांना दिला आणि रक्त सुधारलं. 1931 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ते छापून आलं. त्या अर्कात नेमकं काय आहे, हे विल्सबाईंना ठाऊक नव्हतं. 1941 साली अमेरिकेत पालकाच्या पानांपासून एक द्रव्य वेगळं काढलं गेलं आणि त्याला फॉलिक ॲसिड हे नाव पडलं. पुढं अमेरिकेतच, आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाताखालच्या चमूनं ते प्रयोगशाळेत तयार केलं.

आज गावच्या आरोग्य उपकेंद्रात गरोदर बाईला लाल गोळ्या मिळतात. एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. मळमळतं, शौचाला काळी होते म्हणून कितीतरी जणी त्या फडताळात ठेवून देतात. सासूबाई, नवरोबा, जरा विचारा, गोळी घेतली का? मळमळत असेल तर आशाताईंना सांगा, जेवणानंतर घेऊन बघा, पण सोडू नका.

विल्सबाईंचं नाव इतिहासात राहिलं. ज्या गिरणीतल्या बायकांनी रक्त काढून दिलं, तो खारट अर्क गिळला, त्यांची नावं आपल्याला कुणी सांगत नाही. उंदरांचे पिंजरे झाडणाऱ्यांचीही नाहीत. त्या गोळीत त्यांचाही वाटा आहे, एवढं ध्यानात ठेवू.

आणि ज्यांनी प्रश्न विचारला, त्यांना एकच सांगणं. दिवस वहीत लिहून ठेवा, आणि उवा तपासा. भेटू पुढच्या भागात.