यॉर्कचें विश्रामधाम

इ. स. १७९० च्या मार्च महिन्यांत हॅना मिल्स नांवाच्या एका विधवेस इंग्लंडांतील यॉर्क शहरीं वेड्यांच्या इस्पितळांत ठेवण्यांत आलें. ती क्वेकर पंथाची होती. पंथबंधू तिच्या भेटीस गेले असतां त्यांस आंत सोडलें नाहीं. आणि एप्रिलअखेर ती तेथेंच वारली. भिंतींआड तिचे काय हाल झाले, हें त्यांना कळूं शकलें नाहीं.

या घटनेनें विल्यम ट्यूक हा चहाचा व्यापारी अस्वस्थ झाला. त्याच्या खटपटीनें १७९६ सालीं यॉर्क येथें ‘रिट्रीट’, म्हणजे विश्रामधाम, उघडलें. प्रत्येक मनुष्याच्या अंतर्यामीं ईश्वरी प्रकाश असतो, अशी क्वेकरांची श्रद्धा होती. मग वेड लागलें म्हणून मनुष्यास साखळदंडांत कसें जखडावें?

तेथें साखळ्या नव्हत्या. अनावर रुग्णास क्वचित् बांधावें लागे. पण खिडक्यांच्या लोखंडी चौकटीसुद्धां लांकडी भासतील अशा घडविल्या होत्या. अंगणांत ससे व कोंबड्या असत. रुग्ण काम करीत, धर्मग्रंथाचें वाचन ऐकत, ठेवणींतले कपडे घालून चहास येत. डॉक्टर फाउलर यांनीं रक्त काढण्यासारखे रूढ उपाय पारखून निरुपयोगी ठरविले; विषण्ण रुग्णांस ऊन पाण्याचें स्नान मात्र मानवलें.

१८१३ मध्यें विल्यमचा नातू सॅम्युअल यानें या संस्थेची हकीकत प्रसिद्ध केली. १८१५ मध्यें पार्लमेंटच्या समितीनें वेड्यांच्या इस्पितळांची चौकशी आरंभिली. प्रवचनानें वेड घालविण्याचा हा उद्योग नव्हता. रुग्णास धर्म शिकविण्यापूर्वीं तो रखवालदाराच्या हातांत उतरावा लागला.